इलेक्ट्रिक बेसवरून डबल बेसवर, जॅझसाठी: हात नेमके कुठे चुकतायत?

खरज_पुणे (धागाकर्ता)

बारा वर्षं इलेक्ट्रिक बेस वाजवतो, चार तारांचा आणि पाच तारांचाही. ऑर्केस्ट्रा, फ्युजन, स्टुडिओ असं सगळं. कॉर्ड, मोड, टू-फाइव्ह-वन (जॅझमधली नेहमीची कॉर्डची मालिका) डोक्यात पक्कं आहे आणि चार्ट वाचता येतो. आता थ्री-क्वार्टर आकाराचा लॅमिनेटेड (प्लायवूडचा) डबल बेस (उभं धरायचं, व्हायोलिनसारखं मोठं वाद्य) घेतलाय. हेतू एवढाच की पियानो-ड्रम्ससोबत ट्रायोत बसून सरळ, सुरेल वॉकिंग (दर मात्रेला एक स्वर अशी चालती बेस-ओळ) वाजवता यावं. सोलो वगैरे पुढचं पुढे.

दीड महिन्यात जमलेलं कमी, अडलेलं जास्त. दहा मिनिटांत डाव्या अंगठ्याचा गड्डा भरून येतो. खालच्या स्वरांवर सूर कधी वर, कधी खाली, आणि बोट चुकतंय की हात, तेच कळत नाही. जोरात छेडूनही आवाज पातळ येतो, 'टक्' असा. अ‍ॅम्पला लावला की नाकातून बोलल्यासारखा. तारा उंच वाटतात, पण किती उंच म्हणजे उंच?

गज शिकलाच पाहिजे का? आणि फ्रेटलेस (मानेवर पट्ट्या नसलेल्या) इलेक्ट्रिकवरचा सराव इथे कितपत उपयोगी पडतो? 'क्लास लावा' हे मान्य आहे, शोध चालू आहे. तोवर चुकीच्या सवयी लागू नयेत म्हणून विचारतोय.

---

गजधर

डाव्या हाताचं आधी सांगतो, कारण अंगठा आणि सूर ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत.

मापं बघा. इलेक्ट्रिकची तार ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी. थ्री-क्वार्टर डबल बेसची साधारण ४१.५ इंच, म्हणजे १०५४ मिमी. वाद्यागणिक थोडा फरक असतो, तुमची नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारांखालची घोडी) मोजून घ्या. इलेक्ट्रिकवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत १३० मिमी अंतर भरतं. तेच तीन सेमीटोन इथे १५८ मिमी होतात. चार बोटांना चार फ्रेट ही सवय घेऊन आलात की पंजा ताणला जातो, ताणलेला पंजा टिकावा म्हणून अंगठा मागून दाबतो आणि गड्डा भरून येतो. शिवाय ताणलेली बोटं दर वेळी वेगळ्या जागी पडतात.

म्हणून सिमांडल पद्धत. फ्रांझ सिमांडल हे एकोणिसाव्या शतकातले व्हिएन्नाचे वादक-शिक्षक, आणि आजही बहुतेक ठिकाणी सुरुवात त्यांच्याच पद्धतीने होते. मानेच्या भागात बोटं तीनच: पहिलं, दुसरं, चौथं. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत फक्त दोन सेमीटोन, हाफ पोझिशनमध्ये (पहिलं बोट नटपासून एका सेमीटोनवर) सुमारे १०९ मिमी. तिसरं बोट चौथ्यासोबत खाली बसतं आणि त्याला बळ देतं, त्याचा स्वतःचा स्वर नसतो. स्वर पंजाच्या आवाक्याबाहेर गेला की बोट लांबवायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. अंगठा दुसऱ्या बोटाच्या मागे राहतो आणि हाताबरोबरच सरकतो. इलेक्ट्रिकवाल्यांचा अंगठा मागे राहतो, बोटं पुढे जातात. तुमचा सूर बहुधा तिथेच हलतोय.

अंगठ्याची परीक्षा सोपी आहे. तो मानेवरून पूर्ण उचला आणि एफ मेजर स्केल वाजवा. तारा दाबल्या जात नसतील तर वजन बोटांपर्यंत पोचत नाहीये. कोपर खाली लोंबकळत असेल तर वर घ्या, इतकं की मनगट आणि पंजा एका रेषेत येतील. मग तार दाबायची नाही, हात तारेवरून मागे ओढल्यासारखा टांगायचा. खांदा-पाठीचं वजन बोटावर येतं आणि बेस तुमच्या अंगाला टेकलेला असल्यामुळे त्याला उलट आधार मिळतो. एंडपिनची (खालच्या टेकूच्या दांड्याची) उंची चुकली तर हे कधीच जमत नाही. सुरुवातीला हाफ पोझिशनमधलं पहिलं बोट डोळ्यांच्या पातळीला येईल इतकी ठेवा. उजवा हात न वाकता फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी पोचतो का तेही पाहा.

सुराचा हिशोब असा. नटजवळ १ मिमी चूक म्हणजे सुमारे १.७ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), अर्ध्या तारेवर तीच चूक ३.३ सेंट. खाली बोट ५ मिमी हललं तर ९ सेंटांच्या आसपास फरक पडतो. पियानोशेजारी तो ऐकू येतो.

सरावाला तंबोरा लावा. ही सोय आपल्या घरात आहे, वापरा. एफचा सराव असेल तर पांढरी चार, बी फ्लॅटचा असेल तर काळी पाच. षड्ज, पंचम, मध्यम आणि वरचा सा त्यावर घासून घ्या. मात्र गंधारापाशी सावध. तंबोऱ्यातून उमटणारा गंधार पियानोच्या मेजर थर्डपेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. कान त्यावर बसला तर ट्रायोत तुमचा थर्ड सतत खाली वाटेल. थर्ड आणि सेव्हन्थ कीबोर्डवरच तपासा.

खुणा म्हणून फिंगरबोर्डवर ठिपके चिकटवू नका, नजर तिथेच अडकते. वाद्यातच खुणा आहेत. अंगठा मानेच्या टाचेत (मान धडाला मिळते तिथे) रुतला की जी तारेवर पहिल्या बोटाखाली डी किंवा ई फ्लॅट येतो. तुमच्या वाद्यात कोणता येतो ते एकदा पक्कं करा. जी तारेवर फर्स्ट पोझिशनचा (पहिलं बोट नटपासून दोन सेमीटोनवर) ए बरोबर लागला तर मोकळी ए तार तरफेसारखी आपोआप झंकारते. ए तारेवरचा डी मोकळ्या डीशी जुळवा. अर्ध्या तारेवरचा हार्मोनिक तर आहेच.

गज: हो, रोज पंधरा मिनिटं, फक्त लांब स्वर. छेडलेला स्वर दोन सेकंदांत विरतो आणि चूक झाकून जातो, गज ती उघडी पाडतो. जर्मन पकड की फ्रेंच, याला जॅझमध्ये फारसं महत्त्व नाही. राळ मात्र बेसचीच घ्या, व्हायोलिनची कडक राळ इथे धरत नाही. बेसची राळ मऊ असते आणि एप्रिल-मेमध्ये डबीत वितळून पसरते. डबी आडवी ठेवा, गाडीत विसरू नका.

---

दोन_आणि_चार

उजव्या हाताकडे वळू. 'टक्' आवाजाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: बोटाच्या टोकाने छेडणं. इलेक्ट्रिकवर ते चालतं, कारण तिथे पिकअप काम करतो. इथे तारेवर किती मांस लागतं त्यावर आवाजाची जाडी ठरते.

अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकवा. तर्जनी जमिनीकडे वळवा, तारेला जवळजवळ समांतर. पहिल्या आणि दुसऱ्या पेराची बाजू, म्हणजे अंगठ्याकडची कड, तारेवर टेकवा आणि दंडाच्या वजनाने आडवी ओढा. बोट शेजारच्या तारेवर जाऊन विसावलं पाहिजे. तार बोर्डपासून बाहेरच्या दिशेने उचलली की ती परत बोर्डवर आपटते, तोच तुमचा 'टक्'. जागा फिंगरबोर्डच्या शेवटच्या ५ ते ८ सेंमीमध्ये. ब्रिजकडे जाल तसा स्वर टोकदार होतो, मानेकडे जाल तसा गोल पण अस्पष्ट. मोठा आवाज हवा तर जोर वाढवू नका, मांस वाढवा.

२०० च्या वर टेम्पो गेला की हे पूर्ण समांतर बोट जड पडतं. तिथे हात थोडा आडवा करून तर्जनी-मधली आलटूनपालटून. पण ते सहा महिन्यांनी.

आता खरी गोम. इलेक्ट्रिकवाल्याचा वॉकिंग ऐकला की लगेच ओळखू येतो, कारण स्वर तोडलेले असतात. फंक आणि फिल्मी ग्रूव्हमध्ये डावं बोट लवकर उचलायची सवय लागते. इथे पुढचा स्वर लागेपर्यंत डावं बोट उचलायचं नाही. चार क्वार्टर नोट एकमेकांना चिकटलेल्या हव्यात. घोस्ट नोट (दाबलेले, सूर नसलेले ठोके) आणि फिल (मधल्या भरणीच्या हरकती) काही महिने बंदच ठेवा.

मेट्रोनोम दोन आणि चारवर. १२० च्या गाण्यासाठी ६० वर लावा आणि प्रत्येक टिक दुसरी किंवा चौथी मात्रा समजा. समेवर वजन द्यायची ओढ असणाऱ्यांना हे आठवडाभर उलटं वाटतं. जमलं की ३० वर लावून फक्त चौथी मात्रा. आणखी एक: तातीच्या (आतड्याच्या) तारा असोत की स्टीलच्या, डबल बेसचा स्वर इलेक्ट्रिकपेक्षा हळू फुलतो. बोट ड्रमरच्या राइड सिम्बलबरोबर सुटलं तरी कानाला बेस मागे पडल्यासारखा वाटतो. स्वर सिम्बलवर उमलेल अशा बेताने बोट आधी सोडावं लागतं. स्वतःचं रेकॉर्डिंग खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून ऐका, वाद्याशेजारी हे कळत नाही.

फोड: तर्जनीच्या कडेला येणारच. कातडी गरम लागली की थांबा. सुरुवातीला दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं पुरे. फोड फोडायचा नाही. कातडीचं दुखणं ठीक आहे, पण मनगट किंवा कोपराच्या आतून कळ येत असेल तर तिथेच वाद्य ठेवा आणि उंची-कोन तपासा.

ऐकायला पॉल चेंबर्स, रे ब्राउन, सॅम जोन्स हे जॅझचे बेसवादक. गाणं ऐकू नका, फक्त स्वरांची लांबी ऐका.

---

खरज_पुणे

अंगठा उचलून बघितला, ई तारेवरचा एफ लागतच नाही. म्हणजे निदान बरोबर आहे.

फिंगरबोर्डच्या टोकाशी तारांची उंची मोजली: जी ९ मिमी, ई १३ मिमी. मे महिन्यात घेतला तेव्हा एवढी नव्हती, पावसाळा लागल्यापासून वाढलीय. ब्रिज कापून घेऊ का? सुतारकाम करणारा मित्र आहे.

---

घोडी_खुंटी

थांबा, जुलैत घोडी कापू नका. आणि सुताराकडून तर कधीच नाही.

पावसाळ्यात लाकूड पाणी ओढतं, वरची पाटी फुगून वर येते, तिच्यावर उभा ब्रिज वर येतो, तारा वर जातात. लॅमिनेटेडमध्ये हे कोरीव बेसपेक्षा कमी होतं, पण होतं. आता कापून ६ मिमीवर आणलात तर मार्चमध्ये पाटी बसेल आणि तारा बोर्डवर खडखडतील. उपाय म्हणजे ब्रिजच्या दोन्ही पायांत अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅडजस्टर बसवून घेणं. मग ऋतू बदलला की चाक फिरवायचं.

जॅझ पिझिकाटोसाठी (बोटाने छेडण्यासाठी) स्टीलच्या तारांना सुरुवातीचं लक्ष्य: जी ६, डी ७, ए ८, ई ९ मिमी. तुमच्या १३ वर कुणाचाही अंगठा दुखेल, त्यात फक्त तंत्राची चूक नाही.

पण उंची ब्रिजवरून ठरवण्याआधी नट पाहा. नटपाशी तार आणि बोर्डमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. स्वस्त वाद्यांत तिथे दीड-दोन मिमी फट असते, आणि हाफ पोझिशनमधले एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट त्यामुळेच जड लागतात. तुम्ही नेमके तिथेच अडताय. दुसरं, बोर्डचा खोलगटपणा. जी तार दोन्ही टोकांना दाबून धरली की मध्यावर साधारण १ ते १.५ मिमी फट दिसायला हवी. फटच नसेल किंवा मध्ये उंचवटा असेल तर बोर्ड रंधून घ्यावा लागेल. ते व्हायोलिन-चेलो दुरुस्त करणाऱ्याचं काम.

चाकं फिरवताना तारा थोड्या उतरवा, दोन्ही बाजूंना सारखी फिरवा आणि सूर चढवताना ब्रिज बघत राहा. सूर चढतो तसा ब्रिजचा माथा फिंगरबोर्डकडे झुकतो. टेलपीसकडची त्याची बाजू पाटीला काटकोनात राहिली पाहिजे. झुकलेला ब्रिज आठवडाभर तसाच राहिला तर वाकतो. तारा बदलताना एका वेळी एकच. सगळ्या सोडल्या की आतला साउंडपोस्ट (पाटी आणि पाठ यांच्यामधली लाकडी कांडी) पडतो, आणि तो नुसत्या ताणावर उभा असतो, चिकटवलेला नसतो.

खोलीची आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर उत्तम. पुण्या-मुंबईत पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते, म्हणून ओलसर भिंतीपासून वाद्य लांब ठेवा. नागपूरकरांना उलटं सांगावं लागतं: उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात नको. एखादा स्वर अचानक गुरगुरू लागला तर पाटीच्या कडेने बोटाच्या पेराने टकटक करत फिरा. जिथे आवाज बद्द येतो तिथे शिवण उघडलीय. घाबरू नका, सरस मुद्दाम असा वापरतात की लाकूड फाटण्याआधी शिवण सुटावी. तिथे फेव्हिकॉल किंवा सुपरग्लू घालू नका. मग पुढच्या वेळी शिवणीऐवजी लाकूड फाटतं.

तारा: इलेक्ट्रिकच्या एका तारेवर साधारण १८ ते २० किलो ताण असतो, इथे २५ ते ३०. वाद्यावर कुठल्या तारा आहेत हे माहीत नसेल तर हलक्या ताणाचा संच लावा. स्पिरोकोर नावाच्या स्टीलच्या तारा जॅझमध्ये सगळ्यात जास्त दिसतात, स्वर लांब टिकतो, वॉकिंगला छान. गजाला त्या करकरीत वाटतात. पिझिकाटो आणि गज दोन्ही निम्मे-निम्मे असतील तर हेलिकोर हायब्रिड लाइट किंवा इवा पिराझीचा हलका संच बरा. तातीच्या तारा सुरुवातीला नकोत. त्यांना उंची जास्त लागते आणि आपल्या दमट हवेत सूर धरत नाहीत.

नाकातला आवाज म्हणजे पिएझोचा (ब्रिजवरच्या पिकअपचा) इम्पिडन्स (विद्युत अवरोध). पिएझो हा विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर. समजा तो १ नॅनोफॅरड आहे आणि अ‍ॅम्पचा इनपुट १ मेगओहम, तर १५९ हर्ट्झच्या खालचं सगळं उतरू लागतं. तुमची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर आणि जी ९८ वर आहे. म्हणजे चारही तारांचे मूळ स्वर कापले जातायत आणि वरचं कर्कश तेवढं उरतंय. मध्ये १० मेगओहम इनपुटचा प्रीअ‍ॅम्प घातला की तीच मर्यादा १६ हर्ट्झवर जाते. इक्वलायझर फिरवून हे दुरुस्त होत नाही. प्रीअ‍ॅम्पवर हाय-पास फिल्टर (ठरावीक पातळीखालचा खर्ज कापणारा) आणि फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटायचं बटण हवं. फिल्टर ४० हर्ट्झपाशी ठेवा, हुंकार (फीडबॅक) सुरू झाला की ६० पर्यंत न्या, तरी थांबला नाही तर फेज उलटा.

---

चार_बार

हात बसेपर्यंत वाजवायचं काय? एफमधल्या ब्लूजचे पहिले चार बार घ्या. जवळजवळ सगळं हाफ पोझिशनमध्ये बसतं, त्यामुळे सूर आणि वजन यांच्याकडे लक्ष देता येतं. कंसातला आकडा बोटाचा.

एफ सेव्हन: एफ (ई तार, १), ए (मोकळी), सी (ए तार, ४), बी (ए तार, २).

बी फ्लॅट सेव्हन: बी फ्लॅट (ए तार, १), ए फ्लॅट (ई तार, फर्स्ट पोझिशन, ४), जी (ई तार, परत हाफ पोझिशन, ४), जी फ्लॅट (२).

एफ सेव्हन: एफ (१), जी (४), ए (मोकळी), बी (ए तार, २).

सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन: सी (ए तार, ४), ई फ्लॅट (डी तार, १), एफ (डी तार, ४), ए (जी तार, २). पाचव्या बारचा बी फ्लॅट जी तारेवर चौथ्या बोटाखाली तयारच असतो.

प्रत्येक बारची शेवटची मात्रा बघा: बी, जी फ्लॅट, बी, ए. सगळे पुढच्या बारच्या पहिल्या स्वरापासून एक सेमीटोनवर. वॉकिंगचा निम्मा जीव त्यातच आहे, आणि हे तुम्हाला डोक्याने आधीच माहीत आहे. हात कुठे अडतो ते सांगतो. दुसऱ्या बारात हात सुमारे ५० मिमी ब्रिजकडे सरकवून लगेच परत आणायचाय. ए फ्लॅट आणि जी दोन्ही चौथ्याच बोटाने, म्हणजे बोट न बदलता अख्खा हात सरकतो. तिथे अंगठा मागे राहिला तर जी चढा लागेल. जी फ्लॅट आणि एफ वाजतील तोवर हात जागेवर बसलेला असतो, म्हणून पहिल्या मात्रेचा एफ सुरक्षित. (जी दुसऱ्या बोटाने आणि जी फ्लॅट पहिल्याने वाजवून शेवटी सरकता येतं, पण मग घसरण नेमकी पहिल्या मात्रेवर येते.)

आधी टू-फील: फक्त पहिली आणि तिसरी मात्रा, मूळ स्वर आणि पाचवा, ८० वर. दोन आठवडे तेवढंच. मग हे चार स्वर. वेग वाढवण्याआधी कमी करून पाहा. ५५-६० च्या बॅलडमध्ये स्वर टिकवणं १६० च्या वॉकिंगपेक्षा अवघड जातं.

'गजधर' यांच्याशी एका बाबतीत असहमत. गज उत्तम, पण वेळ रोजचा तासभरच असेल तर पहिले तीन महिने पिझिकाटो आणि तंबोरा एवढंच करा. दोन्ही अर्धवट राहण्यापेक्षा बरं.

---

गजधर

तासभर असेल तर मान्य, पंधराची दहा मिनिटं करा. शून्य नको. तीन महिन्यांनी गज हातात घेतल्यावर कळतं की फर्स्ट पोझिशनचा बी सतत चढा लावला, तोवर हाताला ती जागा पाठ झालेली असते.

फ्रेटलेसचं उत्तर राहिलंच. त्याने कान तयार होतो, हात नाही. फ्रेटलेसवरही तार ३४ इंचांचीच आणि कडेला ठिपके असतात. दोन्ही वाद्यं चालू ठेवायची असतील तर इलेक्ट्रिकवरही पहिल्या पाच फ्रेटमध्ये १-२-४ बोटंच वापरा, मग हाताला दोन भाषा सांभाळाव्या लागत नाहीत. तिसरं बोट स्वतंत्रपणे लागतं ते टाचेच्या पुढे, जिथे अंतरं कमी होतात. अर्ध्या तारेपासून अंगठाच तारेवर येतो आणि चौथं बोट सुटतं. फ्रान्स्वा राबाथ यांची वेगळी पद्धत आहे, तीत अंगठा एका जागी टेकून हात त्याभोवती फिरतो. छान आहे, पण समोर शिक्षक असल्याशिवाय सुरू करू नका.

---

घोडी_खुंटी

एक राहिलं. सराव संपला की बेस भिंतीला उभा टेकवून ठेवू नका, घसरला की मान टाचेपाशी तुटते. कुशीवर आडवा ठेवा, ब्रिज माणसांच्या येण्याजाण्याच्या उलट बाजूला, एंडपिन आत ढकलून. उभाच ठेवायचा असेल तर खोलीच्या कोपऱ्यात, तोंड कोपऱ्याकडे, म्हणजे दोन्ही खांदे दोन भिंतींना टेकतात.